मृगातली पेरणी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून आगीचे गोळे एका ओळीत, मागे शेपट्या सोडत, संथपणे सरकत गेले. लोक अंगणात, गच्चीवर, रस्त्यात थांबून पाहत राहिले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली की, लाडबोरी गावात आकाशातून धातूचे एक भले मोठे कडे पडले आहे. व्यास सुमारे तीन मीटर. पुढे पवनपार भागात धातूचा एक गोलही सापडला. मी शाळांतून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो हे ओळखीच्यांना माहीत असल्याने त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजत राहिला. बहुतेकांचा प्रश्न एकच : तारा पडला का?

तो तारा नव्हता आणि उल्काही नव्हती. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने, बहुधा त्याहून पुष्कळ अधिक. तिचा खेळ काही सेकंदांत आटोपतो. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या घरात असतो आणि ती जवळजवळ आडवी येते, म्हणून तिचे जळणे मिनिटभर दिसत राहते. पाडव्याच्या संध्याकाळचे दृश्य या दुसऱ्या जातीचे होते. कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या अभ्यासकांनी ते फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च ३ बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असल्याचे सांगितले. म्हणजे कारखान्यात बनलेली वस्तू वर्षभर वर फिरून खाली आली, एवढेच.

तरीही 'तारा पडला का' हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. ताऱ्याच्या आसपास जे घडते त्यातले काही पृथ्वीवर येऊन पडते का, असा त्याचा अर्थ घेतला तर उत्तर 'हो' असे आहे. त्यासाठी लाडबोरीपासून फार लांबही जावे लागत नाही. २२ मे २०१२ च्या दुपारी, दोन वाजून गेल्यावर, नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि दगड पडले. तीसेक तुकडे मिळाले. सर्वांत मोठा किलोभराच्या आसपास. अशा दगडाला बाहेरून जळक्या पापुद्र्यासारखी काळी, पातळ साल असते आणि आत राखाडी रंग, मध्येच धातूचे चकाकणारे ठिपके. लाडबोरीच्या कड्यापुढे हा दगड फारच गरीब दिसेल. पण त्याचा कच्चा माल तयार झाला तेव्हा पृथ्वी नव्हती.

भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत, रात्री दुर्बिणीपुढची रांग संपल्यावर, सातवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, आधी धरती झाली का आधी सूर्य?" पाठ्यपुस्तकात सूर्यमालेचे चित्र असते, ग्रहांची नावे आणि अंतरे असतात, क्रम मात्र नसतो. सगळे एकदम मांडून ठेवल्यासारखे दिसते. कोण आधी, कोण नंतर, आणि हे कळले कसे, यावरच हा लेख आहे.

खरे तर असे उत्तर जमिनीतच मिळायला हवे, आणि या दोन जिल्ह्यांइतकी जुनी जमीन महाराष्ट्रात क्वचितच आहे. बाकीचा बराच महाराष्ट्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांखाली झाकला गेला. इथे ते झाकण नाही. चंद्रपूर-वरोऱ्याचा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांचा. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनासोरांच्या काळातल्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके आहेत. गडचिरोलीच्या जंगलातले पट्टेदार पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट तर अडीचशे कोटी वर्षांहून जुने. पण पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे आहे. मधल्या हिशेबाची पाने इथेही फाटलेली आहेत, कारण पृथ्वी आपले कवच सतत वितळवते, झिजवते, पुन्हा घडवते. स्वतःच्या जन्माचा पुरावा तिने स्वतःच पुसून टाकला. तेव्हा दोनच वाटा उरतात. एक, जे दगड कधी मोठ्या ग्रहात गेलेच नाहीत ते तपासायचे, म्हणजे काटोलसारखे अशनी. दुसरी, आज ज्यांच्याभोवती हे घडते आहे असे तरुण तारे शोधायचे. त्यांची वस्ती कुठे आहे, ते भामरागडच्या अंधारातून नुसत्या डोळ्यांनी दाखवता येते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे पंधरा गोंड गावांत जाऊन तिथल्या लोकांचे आकाश नोंदवले. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सप्तर्षींतले चार तारे ही म्हातारीची खाट आणि उरलेले तीन ती पळवायला आलेले चोर. आपण ज्याला मृग म्हणतो, तिथे त्यांना नांगर दिसतो. माझ्या अनुभवातही एखाद्या गावात 'मृग' म्हटले की म्हातारी माणसे जूनच्या पावसाचे नक्षत्र समजतात, आणि नांगर म्हटले की लगेच बोट वर जाते. दोन्ही गोष्टी एकाच जागेच्या आहेत. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असतो म्हणून ते दिसत नाही. पेरणी होते ती त्याच्या नावाने. दिसते ते धान कापणीला येते तेव्हा, दिवाळीच्या पुढेमागे. आणि खगोलशास्त्राच्या दृष्टीने आपल्या शेजारची सर्वांत मोठी पेरणी चालली आहे तीही याच मृगात.

पट्ट्याच्या तीन ताऱ्यांखाली तलवारीसारखी जी छोटी ओळ आहे, तिच्यातला मधला 'तारा' नीट पाहिला तर धूसर दिसतो. तो तारा नाही, तेजोमेघ आहे. अंतर सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा बदामीचे चालुक्य राज्य करीत होते. या ढगात हजारो तारे नुकते जन्मलेले आहेत, 'नुकते' म्हणजे दहा-वीस लाख वर्षांचे. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने इथे पाहिले, तर कितीतरी ताऱ्यांभोवती धुळीच्या काळ्या चकत्या, मागच्या उजेडावर छाया पडावी तशा, स्पष्ट दिसल्या. आजवर अशा दीडशेहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. सूर्यमाला अशाच एका चकतीतून झाली असावी हा तर्क जुना. कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये तो मांडला होता. दोनशे वर्षे तो तर्कच होता. मृगात तो डोळ्यांनी दिसला.

चकतीच का होते? वायू आणि धुळीचा थंड ढग, उणे २६० अंशांच्या आसपास तापमानाचा, स्वतःच्या वजनाने आत कोसळू लागतो. प्रत्येक ढगाला सुरुवातीला थोडीशी गिरकी असते. फुगडी घालणाऱ्या दोघी एकमेकींना जवळ ओढतात तशी फुगडी जोरात फिरू लागते. ढगही आक्रसताना तसाच वेग घेतो. गिरकीच्या आडव्या पातळीत हा वेग आत येणाऱ्या द्रव्याला अडवतो. वरून आणि खालून येणाऱ्या द्रव्याला मात्र अडवणारे काही नाही. ते मध्यावर येऊन एकमेकांवर आदळते आणि तिथेच बसते. अखेर गोल ढगाची भाकरी थापली जाते. मधोमध तारा, भोवती चकती.

लाप्लासचा तर्क मध्यंतरी मोडीत निघाला होता तो याच फुगडीमुळे. सूर्यमालेतले ९९.८ टक्क्यांहून अधिक द्रव्य सूर्यात आहे, पण फिरण्याचा ऐवज, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, तो जवळजवळ सगळा ग्रहांकडे. जो सर्वांत जास्त आक्रसला त्याने सर्वांत वेगाने फिरायला हवे. आपला सूर्य मात्र पंचवीसेक दिवसांत एक फेरी घेतो. घरातल्या कर्त्या माणसाकडे सगळी जमीन आणि पैसा मात्र मुलांच्या नावावर, असा हा प्रकार. आज त्याचे उत्तर चुंबकीय क्षेत्रात सापडते. चकतीतला चुंबकीय ताण आणि तिथून सुटणारे वारे हा ऐवज बाहेर वाहून नेतात, आणि ताऱ्याची गिरकीही त्याच्या स्वतःच्या चुंबकीय वाऱ्याने पुढे मंदावते. तरुण ताऱ्यांच्या दोन्ही ध्रुवांकडून द्रव्याच्या धारा सुटताना दिसतात. हे हिशेब अजून पैशापैशाने जुळलेले नाहीत, पण दिवाळखोरीचा आरोप राहिलेला नाही.

हा खाऊ ताऱ्याला शांतपणे मिळतो असेही नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅकनील या हौशी निरीक्षकाने आपल्या तीन इंची दुर्बिणीतून मृगाचे छायाचित्र घेतले, तर पूर्वी नसलेला एक छोटा तेजोमेघ त्यात दिसला. एका कोवळ्या ताऱ्यावर चकतीतले द्रव्य एकदम ओघाने कोसळले होते आणि त्या उजेडात आसपासची धूळ उजळली होती. काही वर्षांत ते मावळले, २००८ मध्ये पुन्हा उजळले. त्या दुसऱ्या खेपेचा पाठपुरावा टाटा संस्थेच्या संशोधकांनी लडाखमधल्या हानले इथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतून केला. तीन इंची दुर्बीण माझ्याकडेही आहे. त्या बातमीनंतर तिच्याकडे मी जरा आदराने पाहू लागलो हे कबूल करायला हरकत नाही.

आता चकतीच्या आत जाऊ. साध्या दुर्बिणीला तिथे काही दिसत नाही, धूळ प्रकाश गिळते. मात्र मिलिमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या रेडिओ लहरी धुळीतून बाहेर येतात. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही महादुर्बीण तीस अँटेना जोडून एकच मोठी दुर्बीण असल्यासारखे काम करते, पण ती मीटर लांबीच्या लहरींसाठी. तेच तंत्र मिलिमीटर लहरींसाठी वापरून चिलीमधल्या आटाकामा पठारावर, पाच हजार मीटर उंचीवर, ६६ अँटेनांची अल्मा ही दुर्बीण उभी राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने रोहिणीच्या जवळच दिसणाऱ्या एचएल टॉरी या साडेचारशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचे चित्र दिले. त्या चित्राने या शास्त्राचे आधीचे आणि नंतरचे असे दोन भाग केले असे मला वाटते. ताऱ्याभोवती तेजस्वी कडी, त्यांच्यामध्ये काळ्या फटी. जणू ग्रामोफोनची तबकडी. या फटी तयार होणाऱ्या ग्रहांनी पाडल्या असाव्यात. आश्चर्य वयाचे होते. हा तारा दहा लाख वर्षांचाही नाही. इतक्या लवकर ग्रह सुरू झालेले असतील, अशी फार थोड्यांची अपेक्षा होती.

घाई का असते, याचे कारण हंगाम. वेगवेगळ्या वयांच्या तारकागुच्छांत चकत्या मोजल्या, तेव्हा लक्षात आले की वीस-तीस लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांभोवतीच्या चकत्या संपतात आणि एक कोटी वर्षांनी जवळपास एकही उरत नाही. वायू काही ताऱ्यात जातो, उरलेला ताऱ्याच्या किरणांनी उडून जातो. गुरू-शनीसारख्या वायूच्या ग्रहांना वायू संपण्याआधी मोठे व्हावेच लागते. मृग साधला नाही तर पुढे आर्द्रा आहे, पुनर्वसू आहे, शेतकरी कसेतरी निभावतो. इथे दुसरा पाऊसच नाही.

आणि या घाईत सर्वांत मोठी अडचण पहिल्याच टप्प्यावर आहे. धुळीचे कण सुरुवातीला हजारांश मिलिमीटरचे. ते एकमेकांना चिकटतात. खाटेखाली धुळीचे आणि केसांचे हलके गोळे जमतात, त्याच प्रकारच्या क्षीण आकर्षणाने. असे करत वाटाण्याएवढे खडे होतात. पुढे मात्र ते आदळले की चिकटत नाहीत, उसळतात किंवा फुटतात. शिवाय दुसरे संकट वाऱ्याचे. चकतीतल्या वायूला आतल्या दाबाचा थोडा आधार असतो, म्हणून तो ताऱ्याभोवती थोडा हळू फिरतो. दगडाला असा आधार नाही; त्याला पूर्ण वेगाने फिरावे लागते. परिणामी त्याला सतत समोरून वारा लागतो, त्याची गती खाल्ली जाते आणि तो गिरक्या घेत ताऱ्याकडे घसरतो. पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभराचा धोंडा शे-दोनशे वर्षांत सूर्यात जाऊन पडेल, असे गणित १९७७ मध्ये मांडले गेले. कणांपासून डोंगर व्हायला लाखो वर्षे, आणि मधल्या आकाराला आयुष्य शंभर वर्षांचे! ग्रह होणेच अशक्य, असे हे गणित सांगत होते. तरी ग्रह आहेत, आपण त्यावर बसून दिवाळी अंक वाचतो आहोत.

सुटकेची वाट २००५ नंतर सापडली, आणि ती अडचणीतूनच निघाली. आलापल्लीच्या रस्त्याने शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुली पाहिल्या आहेत का? समोरून वारा असला की त्या घोळक्याने चालवतात. एकटीला जो वारा झोडपतो तो घोळक्याला कमी जाणवतो. खड्यांचेही तसेच होते. योगायोगाने थोडे खडे एका जागी दाट झाले की ते आसपासच्या वायूलाही आपल्यासोबत ओढतात, त्यामुळे त्यांना वारा कमी लागतो आणि ते हळू घसरतात. बाहेरून एकटे घसरत येणारे खडे या घोळक्याला येऊन मिळतात. घोळका वाढतो, वारा आणखी पडतो, आणखी खडे येतात. शेवटी घोळका इतका दाट होतो की स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने तो एकदम मिटतो आणि दहा-शंभर किलोमीटरचा पिंड तयार होतो. मधल्या आकारांच्या पायऱ्या चढाव्याच लागत नाहीत. यूडिन आणि गुडमन यांनी हे गणित कागदावर मांडले, योहान्सेन आणि इतरांनी संगणकावर घडवून दाखवले. गणिताला साक्षीदार मिळाला तो १ जानेवारी २०१९ ला. न्यू होरायझन्स यान नेपच्यूनपलीकडच्या अ‍ॅरोकॉथ नावाच्या पिंडाजवळून गेले. मिळून पस्तीसेक किलोमीटर लांबीचे दोन गोळे एकमेकांना अलगद टेकलेले, कुठे चेपलेले-फुटलेले नाही. एकमेकांवर वेगाने आदळून असे जुळत नाही. एकाच मिटणाऱ्या घोळक्यातून हळुवार जवळ आले तरच जुळते.

पुढचा भाग तुलनेने सोपा. मोठा पिंड खडे ओढून घेतो आणि आणखी मोठा होतो. ताऱ्यापासून जिथे पाण्याचा बर्फ टिकू लागतो ती हिमरेषा. सूर्यमालेत ती मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान कुठेतरी होती. तिच्यापलीकडे धुळीत बर्फाची भर पडल्यामुळे माल अधिक, म्हणून राक्षसी ग्रह पलीकडे आणि खडकाळ ग्रह अलीकडे.

आता काटोलच्या दगडाकडे. त्याच्या जातीला कॉन्ड्राइट म्हणतात, कारण अशा दगडांत मिलिमीटरभराचे गोल थेंब असतात. चकतीत तरंगत असताना वितळून पुन्हा थिजलेली धूळ. गुजरातमध्ये २८ जानेवारी १९७६ ला पडलेल्या धजाला अशनीत हे थेंब स्पष्ट दिसतात. काटोलच्या दगडात ते पुसट आहेत. तो ज्या पिंडाचा भाग होता, तो आतून तापला होता. तापवले कोणी? अशा लहान पिंडांना तापवणारा मुख्य चुलीतला निखारा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी समस्थानिक. त्याचे अर्धायुष्य सात लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे आज त्याचा एक अणूही शिल्लक नाही, पण त्याचे मॅग्नेशियम झालेले अवशेष मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीत १९७६ मध्ये सापडले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत जे. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याहूनही अल्पायुषी कॅल्शियम-४१ ची खूण एका अशनीत दाखवली. अशी लवकर विझणारी द्रव्ये म्हणजे घड्याळे. ज्या कणात खूण आहे तो, निखारा धगधगत असताना थिजला. ज्यात नाही तो नंतर.

त्या घड्याळांनी लावलेला क्रम असा आहे. सर्वांत जुने घन कण ४५६.७ कोटी वर्षांचे; सूर्य तेव्हा चकतीतून अजून खात होता. त्यानंतर दहा लाख वर्षांच्या आत गुरूचा गाभा एवढा वाढला की चकतीचे आतले आणि बाहेरचे द्रव्य वेगळे पडले. अशनींच्या रासायनिक नमुन्यांत दोन घराणी सापडतात त्यावरून हा निष्कर्ष २०१७ मध्ये मांडला गेला. पृथ्वी मात्र लहान पिंडांच्या टकरींतून वाढत वाढत पुरी व्हायला तीन ते दहा कोटी वर्षे लागली. आश्रमशाळेतल्या मुलीला मी एवढेच सांगितले, की सूर्य सगळ्यांत थोरला, गुरू त्याच्या पाठचा आणि आपली धरती बरीच धाकटी. तिने लगेच विचारले, "मग चंद्र?" तो आणखी धाकटा; मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळला, त्याच्या उडालेल्या मालातून झाला असे बहुतेकांना वाटते. ती म्हणाली, "म्हणजे तो धरतीचाच पोरगा." बरोबर आहे.

निखाऱ्याने पिंड वितळले की जड लोखंड तळाशी जाते. पृथ्वीच्या वजनाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग लोखंड आहे आणि त्यातले बहुतेक गाभ्यात, आपल्या पायांखाली २९०० किलोमीटरवर. मग एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लोखंड आले कुठून? प्राणवायूशी जोडलेले थोडे लोखंड खडकांतच अडकून राहिले होते, गाभ्यात गेले नाही. ते झिजून प्राचीन समुद्रात विरघळले, आणि पहिल्या सूक्ष्मजीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केल्यावर गंजून थराथराने तळाशी बसले. ग्रह घडताना जे बुडाले नाही, त्याचा हा उरलेला वाटा. त्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे आणि त्याच डोंगरावर खाण आहे. तो वाद इथला विषय नाही, पण टनांचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा माल पुन्हा तयार होत नाही एवढे ध्यानात ठेवावे. तसा समुद्र आणि तशी हवा पृथ्वीवर परत यायची नाही.

काटोलच्या दगडात आणखी एक गोष्ट निघाली. त्याचा मूळ पिंड कधीतरी दुसऱ्या पिंडावर जोरात आदळला होता, आणि त्या क्षणिक दाबाने त्यात ब्रिजमनाइट तयार झाले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली मुबलक आहे, पृथ्वीचे सर्वाधिक आकारमान त्याचेच, पण तिथून ते वर आणता येत नाही. दाब सुटला की मोडते. निसर्गात ते पहिल्यांदा २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टेनम अशनीत ओळखले गेले. काटोलमधले ब्रिजमनाइट, ज्याचा अभ्यास आयआयटी खरगपूरच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, घडणीने पृथ्वीच्या खोल आवरणातल्या खनिजाशी अधिक जुळणारे निघाले. पृथ्वीच्या पोटातला माल पाहायचा तर खाली खणून उपयोग नाही, आकाशातून पडण्याची वाट पाहावी, असा हा उलटा न्याय.

एवढे सगळे जुळत असताना एक मोठा खोडा आहे. १९९५ मध्ये मायोर आणि केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. तो गुरूसारखा राक्षसी, आणि चार दिवसांत ताऱ्याभोवती फेरी घेणारा. हिमरेषेच्या कितीतरी अलीकडे! तिथे तो जन्मला नसावा, बाहेर जन्मून आत सरकला असावा, असे मानतात. त्यानंतर हजारो ग्रहमाला सापडल्या आणि बऱ्याच आपल्यासारख्या दिसत नाहीत. पृथ्वीपेक्षा मोठे पण नेपच्यूनपेक्षा लहान असे ग्रह सर्वत्र आढळतात, आणि आपल्याकडे नेमका तसा एकही नाही. आपली सूर्यमाला हा नियम की अपवाद, हे आजही मोकळे आहे. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता पाहून वाटते तितकी आपली मांडणी सर्वसामान्य नसावी, याकडे माझा कल आहे.

निर्णय लागेल तर घडत असलेल्या माला पाहूनच. नरतुरंग तारकासमूहातल्या पीडीएस ७० या ताऱ्याच्या चकतीतल्या रिकाम्या जागेत २०१८ मध्ये एक आणि २०१९ मध्ये दुसरा, असे दोन ग्रह वायू ओढताना प्रत्यक्ष दिसले. जुलै २०२५ मध्ये त्याहून आधीची अवस्था हाती लागली. पुन्हा मृगातच, तेराशे प्रकाशवर्षांवर, हॉप्स-३१५ या तान्ह्या ताऱ्याभोवती तप्त सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ आणि तिच्यातून नुकतेच थिजणारे स्फटिक जेम्स वेब आणि अल्मा या दुर्बिणींना आढळले. अंतर सूर्यमालेतल्या लघुग्रहांच्या पट्ट्याएवढे. काटोलचा दगड ज्या कणांपासून सुरू झाला, तसे कण तिथे आता जमू लागले आहेत.

चंद्रपूर शहरातून यातले काही दिसत नाही. २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र, खाणींचे रात्रभर जळणारे दिवे आणि धूर यांत मृगाचा पट्टा कसाबसा ओळखू येतो, तलवार नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले गडद आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथे तसा फलक नाही, पण अंधार आहे. रस्ते आणि खाणी यांच्याबरोबर तो किती वर्षे टिकेल सांगता येत नाही. आमच्याकडे 'दुर्गम' हा शब्द जिल्ह्याच्या गळ्यातच बांधला आहे. आकाशाच्या बाबतीत दुर्गम आहे ते पुणे-मुंबई.

दिवाळीची अमावास्या म्हणजे चंद्राचा अडथळा नाही. गावाबाहेर, एखाद्या बोडीच्या पाळीवर किंवा धानाच्या बांधीत पूर्वेकडे तोंड करून बसावे. साडेआठच्या पुढे तांबूस रोहिणी वर येते, एचएल टॉरी तिच्याच शेजारी, न दिसणारा. दहाच्या सुमारास पट्ट्याचे तीन तारे एकावर एक उभे उगवतात. झाडांच्या वर यायला अकरा वाजतात. मग त्यांच्या उजव्या अंगाला तलवारीची ओळ शोधावी. मधल्या ठिपक्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे, म्हणजे त्याचा धूसरपणा कळतो. द्विनेत्री असेल तर हात टेकवून धरावी.